कानामागची पेन्सिल

दार लोटून घ्या रे. आणि हसायचं त्यानं आत्ताच हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला खपणार नाहीत. ही माझ्या दोस्ताची गोष्ट. तो सुतार.

मागच्या नोव्हेंबरातला शनिवार, रात्रीचे साडेअकरा. त्याच्या धाकट्या भावाच्या हातात लाकूड तासायची पटाशी घुसलेली. जखम सुजली, मनगट लाल झालं, ताप चढला. सुतार तापाच्या गोळ्या आणायला बाहेर पडला.

परतताना त्याच्या बंद कारखान्यात दिवा दिसला. पोरं विसरली असणार म्हणून शिव्या घालत त्यानं कुलूप काढलं.

बाकाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. कानामागं चाचपत होतं.

त्याचा बाप. दोन वर्षांपूर्वी गेलेला.

"पेन्सिल घरीच राहिली रे," बाप म्हणाला. "रेघ मारलीय. बघ, पुढं सरकतंय..."

दिवा गेला.

सुतार धावत घरी आला. दारातच भावजयीनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू, दादा. ताप उतरलाय. आत्ता कुठं डोळा लागलाय, झोपू दे त्यांना."

त्यानं भावाच्या कपाळाला हात लावून बघितलं. गार. चिकट घाम. श्वास मात्र धापा टाकल्यासारखा.

"अरे, ऊठ!"

धाकट्यानं डोळे किलकिले केले. "कोण तुम्ही?"

"लघवीला कधी गेला होता?" सुतारानं भावजयीला विचारलं.

"सकाळपासून... नाही गेले," भावजय म्हणाली.

सुतारानं बाही वर केली. मनगटाभोवती पेन्सिलची रेघ. सरळ, सुताराच्या हाताची.

तो बाहेर पडला तेव्हा लाली तिथवरच होती; आता कोपराच्या वर पोचली होती.

बापाचंही असंच झालं होतं. ताप उतरला म्हणून सगळे निवांत झोपले. सकाळी बाप नव्हता. ते सुताराला अजून गिळवत नाही.

त्यानं भावाला खांद्यावर टाकलं. शेजाऱ्याची गाडी. दवाखाना.

"जंतुसंसर्ग अंगभर भिनलाय, सेप्सिस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंग गार पडलं म्हणजे बरं वाटलं असं नसतं हो. सकाळपर्यंत थांबला असतात, तर..."

त्या भावाच्या हातावर वाकल्या.

मग विचारलं, "रेघ कुणी मारली? त्यामुळं लाली किती झपाट्यानं चढली ते कळलं."

सुतार भावजयीकडं बघायला लागला. भावजय सुताराकडं.

धाकटा वाचला. हात गेला.

दुसऱ्या दिवशी भावजयीनं अंथरूण काढलं. उशीखाली सुतारी पेन्सिल. मागचं टोक चावलेलं, बाप चावायचा तसं.

ती पेन्सिल सुतारानं बापाच्या चितेवर ठेवली होती. मी शेजारी उभा होतो.

चावलेलं टोक अजून ओलं होतं.