अक्षर संपू दे

सर, खोटं तुम्ही बोललात. कलाशाळेच्या भर वर्गात माझ्या आईला उभं करून म्हणालात, "हिचं कशातच लक्ष नाही. घरी न्या हिला." लक्ष नाही? रंगवायला बसले की मी इतकी बुडायचे की घंटा ऐकू यायची नाही, तहान कळायची नाही, पाठीमागे उभे राहून तुम्ही ओरडताय हेही कळायचं नाही. तुम्हाला तो उद्धटपणा वाटला. त्याला एडीएचडी म्हणतात आणि त्यातल्या त्या बुडण्याला हायपरफोकस, हे पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. लक्ष कमी नव्हतंच. नळ धो धो होता, तोटी तेवढी माझ्या हातात नव्हती.

आता पुढचं ऐका. ही प्रेमकथा आहे, पण तुमची सुटका नाही.

मी दुकानांच्या काचांवर नावं रंगवते. आतल्या बाजूनं, म्हणजे सगळी अक्षरं उलटी काढायची. बाहेरून सुलटी दिसतात. त्या दिवशी चष्म्याच्या दुकानाची काच होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. अचानक खांद्यावर हात पडला. मी किंचाळले, कुंचला सटकला आणि 'चष्मे'ला शेपूट फुटलं.

"अहो, किती हाका मारायच्या!" मालक होता. चष्मेवाला. स्वतःचा चष्मा कपाळावर. "कुलूप घालायचंय. तुम्हाला आतच ठेवून जाऊ?"

"हात कशाला लावलात?"

"मला वाटलं, ऐकू येत नाही..."

"येतं. बुडाले होते."

तो हसला नाही. म्हणाला, "मग वर काढायचं कसं?"

सर, हा साधा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

मी सांगितलं. मागून हाक नको, धक्का नको. समोर या, दिसा. आणि हातातलं अक्षर संपू द्या. अर्ध्यातून उपटलं तर दिवसभर डोकं ठिकाणावर येत नाही.

"इलाज?"

"गोळ्या आहेत, गजर आहेत. पण मी हीच राहणार."

"बरंय की. आम्हीही डोळे बदलत नाही, चष्मा देतो."

मी शेपूट पुसायला वळले. खरं तर... गाल लपवायला.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे एक चेहरा आला. भिंगं पुसताना करतात तसं 'हाऽ' करून त्यानं काच धुरकट केली आणि बोटानं लिहिलं: 'चहा?' उलटं! म्हणजे मला सुलटं. फक्त 'च'चं पोट भलतीकडे गेलं होतं. मी अक्षर संपवलं आणि बाहेर गेले.

"हे कधी शिकलात?"

"काल, आरशासमोर. आई म्हणाली, वेड लागलंय का? म्हटलं — लागतंय."

'तुम्ही'चं 'तू' झालं. तरी मनात धाकधूक होतीच. आधी एकजण माझी वाट बघून कंटाळून गेला होता. जाताना म्हणाला, "तुला माझं काही पडलेलंच नाही." हाही एक दिवस तेच म्हणेल...

तो दिवस आलाच. त्याच्या आईला भेटायचं होतं, दुपारी जेवायला. सकाळी दातांच्या दवाखान्याच्या काचेवर वेल काढत होते. म्हटलं, एवढं पान काढते नि निघते. फोन पिशवीत, पिशवी कोटाखाली. गजर वाजून वाजून दमला असेल. वेल पसरतच गेली.

समोरची काच धुरकटली तेव्हा उन्हं कलली होती. बोट लिहीत होतं: 'आई आलीये.'

त्याच्यामागे छत्रीखाली एक बाई उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. मी हिरव्या हातांनी बाहेर धावले.

"काकू, तुम्हाला ताटकळत ठेवलं, चुकलं माझं. पण मी अशी आहे याची माफी नाही मागणार."

"मागू नकोस. जेवण गार झालं, राग अजून गरम आहे. निवेल." मग वेलीकडे बघत म्हणाल्या, "मी केव्हाच हाक मारणार होते. हा मारू देईना. म्हणे, पान संपू दे. म्हटलं, बघू तरी... कुणासाठी हा आरशासमोर तोंडं वेंगाडतो!"

"आई!"

"गप रे. आणि तू, गजर पिशवीत ठेवतं का कुणी? गळ्यात बांध. नाहीतर पुढच्या वेळी मीच येऊन काचेपुढे उभी राहीन."

त्यानं माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "आत जा ना जरा..."

मी गेले. 'हाऽ'. मग बोट, अडखळत: 'लग्न?' 'ल' चक्क चुकलेला.

मी कुंचला हिरव्यात बुडवला आणि लिहिलं: 'हो'. मला उलटं, त्याला सुलटं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बुडण्याची लाज नाही, ऐट वाटली. तो 'हो' दातांच्या डॉक्टरांनी पुसू दिला नाही. वेलीच्या पानांत अजून आहे.

सर, समोर येऊन थांबणं काकूंना एका दुपारीत जमलं, तेही उपाशीपोटी. तुम्ही वर्षानुवर्षं माझ्या पाठीमागून ओरडत राहिलात. एकदा तरी समोर का आला नाहीत?

उत्तर द्या.