शेवटचा थांबा फैजपूर

शिरपूरला कॉलेजात नोकरी, शनिवारी घरी फैजपूरला… त्या शनिवारी चोपड्याच्या स्टँडवर एसटी चुकली, म्हणून चहाला बसले. समोरच्या बाकावर एक जण नकाशा पसरून पेन चावत होता. ठिबक सिंचनाच्या कंपनीची प्रचाराची जीप कुठल्या गावात कधी थांबवायची, हे ठरवत होता.

"फैजपूरला भर दुपारी?" मला राहवलं नाही. "दुपारी केळीवाले झोपतात. संध्याकाळी थांबा."

"संध्याकाळी तुम्ही असता का फैजपूरला?" मान वर न करता त्यानं विचारलं.

आगाऊच होता. नाव प्रेमराज.

मग हिवाळाभर दर शनिवारी जीप आमच्या चौकात. तुम्हीचं तू झालं, पण पुढचं काही बोलेल तर शपथ! नुसता बघायचा, हसायचा, आणि "निघू मग?" म्हणायचा. इकडे वडिलांनी, म्हणजे नानांनी, माझ्यासाठी वरणगावचं स्थळ आणलं. रविवारी पाहुणे येणार होते. मी म्हटलं, हा काही बोलायचा नाही. आता थांबे मी ठरवणार.

"उद्या मी जीपमधून येते," त्याला फोन केला. "गिऱ्हाईकं आहेत. चोपड्याला मगनमामा, यावलला मंदाआत्या. शेवटी आमचं घर."

आमच्यात मामानं आणि आत्यानं मुलगा पाहिल्याशिवाय नाना कुणाला हो म्हणत नाहीत. हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

मामानं ठिबकच्या नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. शेती किती, आईवडील कुठे, सुपारी खातो का, सगळं विचारून घेतलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोऱ्या चांगला शे. बठ्ठं खरं सांगस." म्हणजे सगळं खरं सांगतो. यावलला आत्यानं भरीत-पुरी वाढली, वर आग्रह. प्रेमराज घाम पुसत जेवला. "मनात भरला माह्या," आत्या कानात म्हणाली, "तुह्या बापाले सांगते मी."

यावल सुटलं. दोन्हीकडे केळीच्या बागा.

"प्रेमराज… मामाला नळी नकोय."

"माहितीये."

"आत्यालाही…"

"त्यांना तर शेतच नाही. मी विचारलं."

"मग एवढं जेवलास कशाला?"

"पास व्हायचं होतं."

मला हसू आलं, आणि रागही. "जीप थांबव. मला आवडतोस तू. उद्या वरणगावच्यांपुढे मी पोहे घेऊन जाणार नाही. तुझं काय ते आत्ता बोल."

त्यानं जीप कडेला घेतली. "आवडतेस. फार… पण फिरतीची नोकरी, भाड्याची खोली. कोण देणार मला मुलगी?"

"ते नानांना विचार. मला विचारशील तर मी येणार."

नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. मामा-आत्याचे फोन येऊन गेले असणार, पण चेहऱ्यावर काही नाही.

"साहेब, नळ्या आहेत आमच्याकडे."

"नळ्या विकायला नाही आलो, नाना," प्रेमराज म्हणाला. "कामिनीला मागायला आलोय."

नाना माझ्याकडे वळले. "वरणगावच्यांना काय सांगू?"

"येऊ नका म्हणून सांगा."

नाना खाटेवर थोडे सरकले आणि त्याला म्हणाले, "बस आधी. असं उभ्या उभ्या पोरगी मागतात का?"