शिंगाळ प्रवाळाचा पांढरा रोग

कराडमधल्या त्या इमारतीचे तीन जिने चढेपर्यंत डॉ. विभावरी मुणगेकरांचा जीव मेटाकुटीला आला. लिफ्ट बंद होती, आणि वर काय दिसणार हे त्यांना खालीच ठाऊक होतं. सव्वा वर्षात त्यांनी चारशे अकरा घरांतल्या काचपेट्या तपासल्या होत्या आणि चारशे अकरा वेळा एकच शब्द लिहिला होता : मृत.

समुद्र तापला तेव्हा मालवणच्या खडकांवरचं, शिंगांसारख्या फांद्यांचं शिंगाळ प्रवाळ संपलं. त्याआधी त्याचे चारशे बारा तुकडे काढून विभावरींच्या 'गृहप्रवाळ' योजनेत घरोघरी दिले गेले. एकाच मोठ्या टाकीत ठेवले आणि पंप बंद पडला तर सगळंच जायचं. इतक्या घरांत कुठे ना कुठे तगेल, असा विचार होता. विचार चांगलाच होता हो, पण तुकडे बुंध्याकडून पांढरे पडत गेले. शेवटचा उरला तो हिंदुराव थोरवड्यांकडे, आणि काल त्यांचाही फोन आला, पूर्ण पांढरं झालं म्हणून.

हिंदुरावांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या गाळणी केंद्रावर काढली होती. बायको गेल्यावर घरात काहीतरी जितंजागतं हवं म्हणून त्यांनी हा तुकडा मागून घेतला होता. त्यांनी चहा विचारला, पडदे ओढले आणि पेटीपासून लांबच उभे राहिले.

विभावरींनी पिशवीतून ऊतिदीप काढला. हा निळ्या उजेडाचा लहानसा दिवा, त्याच्यासोबत दोन पिवळे चष्मे. हिंदुरावांनी विचारलं, पांढरं पडलं म्हणजे संपलंच ना?

"तसं नसतं, काका. प्रवाळाचं मांस पारदर्शक असतं. रंग असतो तो आत राहणाऱ्या शेवाळाचा. शेवाळ गेलं तर प्रवाळ पांढरं दिसतं, उपाशी असतं, पण जिवंत असतं. मांसच गेलं तर मागे राहतो चुन्याचा सांगाडा. डोळ्यांना दोन्ही सारखंच. या उजेडात मांस हिरवं चमकतं, चुना चमकत नाही."

दोघांनी चष्मे लावले. उजेड बुंध्यापासून टोकापर्यंत फिरला. कुठेच काही चमकलं नाही. विभावरींनी पुन्हा एकदा फिरवला, तोही सवयीने. मग नेहमीचे प्रश्न विचारले. तापमान ठीक, क्षार ठीक. पाणी 'गृहप्रवाळ' योजनेकडून यायचं तेच, काचेसारखं स्वच्छ. राहिला शेवटचा प्रश्न, पिशवी उकळली का. पांढरं दिसताच संसर्ग समजून गाळणीची कापडी पिशवी दर तिसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात धुवायची, ही सूचना विभावरींनी स्वतःच लिहिली होती. हिंदुरावांच्या तक्त्यात प्रत्येक वेळी 'धुतली' अशी खूण होती.

हिंदुरावांनी तक्ता उलटा ठेवला.

"खोटं लिहिलंय, मॅडम. एकदाबी उकळली नाही. आमच्याकडं वाळूच्या गाळण्या होत्या, त्यांच्यावर बुळबुळीत थर धरायचा. नवा साहेब आला की म्हणायचा, खरवडा. खरवडला की आठ दिवस पाणी नासायचं. पाणी साफ करायचं काम तो थरच करतो. म्हटलं, हितंबी असू दे."

एरवी त्या चिडल्या असत्या. आज तेवढंही त्राण नव्हतं. दिवा बंद करायला त्या वळल्या तेव्हा उजेड पेटीच्या कोपऱ्यातल्या पिशवीवरून गेला, आणि पिशवी हिरवी झाली.

त्या खाली बसल्या. कापडाला मोहरीएवढे शेकडो ठिपके चिकटले होते. प्रत्येकाला बारीक बोटं होती, आणि ती हलत होती.

"हे काय हो?"

"हेच प्रवाळ आहे, काका. एकेक ठिपका म्हणजे एकेक जीव. खायला मिळेना, जगवेना, की सांगाडा सोडून प्रवाहाबरोबर निघून जातात, दुसरी जागा शोधायला. पुस्तकात एक ओळ होती याच्यावर. ती वाचली आणि विसरले मी. समुद्रात प्रवाह त्यांना खडकावर नेतो. पेटीत प्रवाह गाळणीत नेतो."

कसलाही टोमणा न मारता हिंदुरावांनी विचारलं, "मग बाकीच्या घरांतली?"

विभावरींना ती घरं आठवली. माणसं किती मन लावून पिशव्या धुवायची. धुतलेल्या पिशव्यांचे फोटो पाठवायची, बरोबर झालं ना, म्हणून विचारायची. आणि त्या उत्तर द्यायच्या, छान.

हिंदुरावांनी औषधाचा ड्रॉपर आणला. घाई न करता ते एकेक जीव उचलून पेटीतल्या दगडावर ठेवू लागले. त्या काचेसारख्या स्वच्छ पाण्यात थोडं खाणं सोडायला विभावरींनी सांगितलं आणि दिवा त्यांच्या शेजारी टेकवून ठेवला. हे जगले तर शिंगाळ जगेल. रडू येत होतं, पण रडायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

त्यांनी मांडीवर नोंदवही उघडली. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात चारशे अकरा वेळा 'अज्ञात' लिहिलं होतं. पहिली ओळ त्यांच्या स्वतःच्या घराची होती. ती पिशवी त्यांनी स्वतः उकळली होती, एकदा पुरेसं होणार नाही म्हणून दोनदा. 'अज्ञात' खोडून त्यांनी तिथे लिहिलं, 'उकळतं पाणी', आणि त्या दुसऱ्या ओळीकडे वळल्या.