फिरोजाच्या मनगटावरचा फोड

सागरतळ वसाहतीच्या प्रयोगशाळेत डॉ. केळुसकरांनी जनाक्कांच्या रक्ताची चाचणी पुन्हा लावली. पुन्हा तोच निकाल!

"अक्का, नव्या तापाचा विषाणू तुमच्या अंगात टिकतच नाही. आणि तुम्ही तर उघड्या जखमा घेऊन तापाच्या खोलीत जात होतात! मी ओरडून थकलो."

"मग माझ्या पोरीला उपाशी ठेवू?"

पोर म्हणजे नर्स फिरोजा मुकादम. अक्कांना मागच्या साथीची लस तिनेच टोचली होती. लस गुणाची, तिने अख्खी वसाहत वाचवली. पण स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अक्कांच्या प्रतिपिंडांचा मात्र गोंधळ उडाला. त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणाऱ्या सांधप्रथिनालाच ते शत्रू समजले आणि अंगभर पाण्याचे फोड उठले. तेव्हापासून फिरोजा रोज त्यांची पट्टी बदलायची, आधी भिजवून, मग हळूच. सुकी पट्टी तिने एकदाही ओढली नाही. अशा मुलीने अंथरूण धरल्यावर अक्का कसल्या कुणाचं ऐकतायत! मेतकूट घातलेली पेज घेऊन रोज हजर.

"या लबाड विषाणूने वेष पालटलाय," केळुसकर म्हणाले. "हुबेहूब सांधप्रथिनासारखा दिसतो. आमचे प्रतिपिंड म्हणतात, घरचाच आहे, जाऊ द्या."

"आणि माझे?"

"तुमचे घरच्यालाही सोडत नाहीत!"

अक्का खळखळून हसल्या. "मग काढा रक्त, द्या तिला."

"तिथेच तर अडलंय. ते तिच्या त्वचेवरही तुटून पडतील. उसने प्रतिपिंड काही आठवड्यांत झिजून जातील, पण तोवर फोड येणार."

अक्कांचं हसू मावळलं. ती आग त्या पोरीच्या अंगावर? छे! त्यांच्याने होकार देववेना. शेवटी त्यांनी फिरोजालाच विचारलं. तिला धड बोलवतही नव्हतं.

"द्या हो अक्का. तुमचंच आहे ना."

प्रतिपिंड दिले, तरी ताप हटेना. अक्कांचा जीव टांगणीला लागला. मग एका सकाळी फिरोजाच्या मनगटावर टपोरा फोड दिसला.

"फोड आला! अहो, फोड आला!" इतके महिने फोडांना घाबरणारे केळुसकर ओरडत सुटले. अक्कांचे प्रतिपिंड कामाला लागले होते. संध्याकाळपर्यंत ताप उतरला.

फोड फुटल्यावर बांधलेली पट्टी बदलायला अक्का पाण्याचं भांडं घेऊन तिच्या उशाशी बसल्या. त्यांचे डोळे वाहत होते.

"या मेल्या फोडांना मी रोज शिव्या घातल्या ग. आज हात जोडते."

"हात मग जोडा," फिरोजा म्हणाली. "आधी पट्टी नीट भिजवा, अक्का."