बंदला एक, चालूला दोन

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट मित्राच्या मित्राची नाही. माझ्या सख्ख्या मामांची आहे. आणि मामांना गोष्टी रचता येत नव्हत्या. येत असत्या तर ते पुढारी झाले असते.

साल १९७४. बुद्धपौर्णिमेचा आदला दिवस. जागा वडीगोद्रीच्या पलीकडचं मुरमाड माळरान.

रात्र वगैरे नव्हती. भरदुपार होती. भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या जालना भागातली मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. भूत सोडून दुसरं कुणी बाहेरच पडत नाही.

मामांचं नाव देवानंद. हवाई दलात इंजिनं खोलून-बसवून परत आलेले. त्या माळावर पत्र्याची एक शेड होती आणि शेडमध्ये दोन जुनी विमानं. लढाईनंतर लिलावात निघालेली, लाकूड-कापडाची, दोन मजली पंखांची. एक कुंभार पिंपळगावच्या काकासाहेबांचं. दुसरं जिनिंगवाल्या पुंजारामचं. ती उडतात हे सरकारला माहीत होतं की नाही, हे सरकारलाही माहीत नव्हतं.

दोघे मालक एकमेकांच्या विमानाला खटारा म्हणत. पण एकाचा सुटा भाग गेला की दुसरा आपल्या विमानातला काढून देई. मग दोन्ही विमानं उभी राहत आणि दोघे मालक पंखाखाली सावलीत झोपत. मामा दुरुस्ती करत.

त्या विमानांना बटण नव्हतं. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने पुढचा पंखा हाताने फिरवायचा. पुढच्याने आधी विचारायचं, "बंद?" आतल्याने खटका बघून सांगायचं, बंद. मग इंजिनात पेट्रोल खेचायला पंखा नुसताच दोन-चार वेळा फिरवायचा. मग विचारायचं, "चालू?" आतला चालू म्हणाला की शेवटचा हिसका.

बंदच्या वेळी चुकून चालू असलं तर इंजिन भडकतं. पंख्यावरचा हात मनगटापासून जातो. मामांचं सगळं घर त्या दोन हातांवर चालत होतं.

पुढे पुंजारामच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, उडण्याची खोड काही गेली नाही. तो आत बसून विमानाच्या लाकडी कुशीवर बोटाने ठोकू लागला. एक ठोका म्हणजे बंद. दोन म्हणजे चालू. त्याला एकट्याला ओशाळं वाटू नये म्हणून काकासाहेबांनीही तोंड मिटलं आणि तेही ठोकू लागले. पुंजारामची बायको साळूबाई म्हणायची, घसा एकाचा गेला अन् मुके दोघं झाले.

नंतर पुंजाराम गेला. विमानातून पडून नाही. घरी, खाटेवर. हे त्याला स्वतःलाही पटलं नसतं.

ठोके मात्र राहिले. सवय.

साळूबाईने विमान विकायला काढायचं ठरवलं. हैदराबादकडच्या एका क्लबने निरोप धाडला, जागेवरून उडून येणार असेल तर घेतो. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारनंतर त्यांचा पायलट येणार होता. मामांची ती शेवटची दुरुस्ती. औरंगाबादला शिकवायची नोकरी ठरली होती. पंखा, पगार आणि सावली, तिन्ही सरकारी.

मामा थकले होते. ग्रीसने थकले होते, मुरमाने थकले होते, काकासाहेबांच्या त्याच त्या विनोदांनी तर फारच. हे एक उडालं की आपण सुटलो, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

सकाळी शेड उघडली तर पुंजारामच्या विमानावरची ताडपत्री काढून ठेवलेली.

नुसती काढलेली नाही. निऱ्या घालून घडी केलेली... धोतराची करतात तशी.

तशी घडी एकच माणूस घालायचा.

काकासाहेबांना वाटलं ही मामांची थट्टा. मामांना वाटलं काकासाहेबांची. दोघांनीही न हसता कामाला सुरुवात केली.

आणखी एक. शेडच्या आढ्यात चिमण्यांची घरटी होती. दिवसभर कलकलाट. त्या दिवशी एकही चिमणी नव्हती.

दुपारी विमान बाहेर ओढलं. काकासाहेब आत बसले. मामा चाकांना दगड लावायला वाकले. दगड नीट बसवून ते पुढे आले, पंख्यावर हात ठेवला आणि रोजच्यासारखं खाली बघतच विचारलं.

"बंद?"

टक... टक.

दोन.

मामा वैतागले. "काकासाहेब, खटका खाली करा. हात जाईल माझा."

थोडं थांबले.

"बंद?"

टक... टक.

या माणसाला आजही थट्टा सुचते, असं पुटपुटत मामा पंखा सोडून बाजूने गेले आणि आत डोकावले.

आत कुणी नव्हतं.

सीट रिकामी. पट्टा सुटलेला. खटका खाली, म्हणजे बंद.

लांबून शेडमधून काकासाहेब तांब्या घेऊन येत होते. "पाणी प्यायला गेल्तो," ते म्हणाले. "तू दगडं लावून राह्यला होता, म्हणून आवाज न्हाई दिला."

मामांच्या पाठीवरचा घाम एकदम गार झाला.

त्यांनी पाने घेतले आणि खटक्यामागची फळी खोलली. आत एक तार होती. खटका बंद केला की इंजिनाची ठिणगी बंद पाडायची, एवढंच त्या तारेचं काम. जुनी तार, कापडाच्या वेष्टणाआड तुटलेली. वरून दिसणारही नाही अशी.

खटका बंद होता. इंजिन जिवंत होतं.

पंखा फिरवला असता तर औरंगाबादच्या पोरांना डाव्या हाताने शिकवावं लागलं असतं.

मामांनी काकासाहेबांना सगळं सांगितलं. काकासाहेबांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "तू तर भूतबीत मानत न्हाईस ना?"

मामांनी छप्पन्न सालीच देव सोडले होते, भुतंही सोडली होती. भुतांना मात्र तसं कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

तार बदलली. तपासली. पुन्हा तपासली. उन्हं कलल्यावर पायलट आला. तरणा, घाईतला. आत बसला. मामा पुढे उभे राहिले.

"बंद?"

"बंद है," पायलट ओरडला.

आणि लगेच... टक.

एकच. बराबर.

मामांनी पंखा नुसता फिरवला. पेट्रोल खेचलं गेलं.

"चालू?"

"चालू!"

मामा थांबले.

ठोका आला नाही.

वारा नव्हता. माळावर कसलाच आवाज नव्हता. पायलट म्हणाला, "अरे भाई, घुमाओ ना जल्दी." मामांचा हात पंख्यावर होता, पण हलत नव्हता. घामाचा थेंब नाकावरून पडला, तोही त्यांनी पुसला नाही.

शेवटी काकासाहेब पुढे आले. टोपी काढली. रिकाम्या हवेकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "पुंजाराम, जाऊ दे आता. थकलो रे आम्ही."

काहीच नाही...

मग...

टक. टक.

मामांच्या हाताने सवयीने हिसका दिला. इंजिन पेटलं, मुरूम उडाला. विमान माळावरून धावत गेलं, उचललं आणि हैदराबादच्या दिशेला ठिपका झालं.

दोघे तसेच उभे.

कारण ते दोन ठोके विमानातून आले नव्हते.

मागून आले होते. शेडमधून. जिथे काकासाहेबांचं विमान दोरांनी बांधून ठेवलेलं होतं.

"उतरला वाटतं," काकासाहेब म्हणाले. "गेला न्हाई त्यो."

मामा औरंगाबादला गेले नाहीत. घरच्यांनी कारण विचारलं तर म्हणायचे, काकासाहेब एकटे पडले असते. हे काकासाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "एकटा कुठाय मी?" आणि हसले नाहीत.

पुढे काकासाहेबही गेले. शेडचे पत्रे कुणीकुणी नेले. मामांनी विहिरीवर मोटर बसवली. ती सुरू करायच्या आधी ते रिकाम्या माळाकडे बघून काहीतरी विचारायचे आणि थांबायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं.

गेल्या उन्हाळ्यात मामाही गेले.

थोड्या दिवसांनी मोटर बिघडली म्हणून मी विहिरीवर गेलो. भरदुपार. मेन स्विच स्वतःच्या हाताने खाली केला. वायरला हात लावणार, तेवढ्यात कोण जाणे का, तोंडून निघालं.

"बंद?"

मोटरच्या पत्र्याच्या खोपटातून...

टक... टक.

मी वायर सोडली आणि चपला तिथेच ठेवून घरी आलो. नंतर वायरमन येऊन बघून गेला. म्हणाला, साहेब, लाइन बिलकुल बंद हाय, काहीच न्हाई. आणि खोपटात पाऊल न टाकता निघून गेला.

ते ठोके कुणाचे, हे मला अजून ठरवता येत नाही. ती ठोक्यांची भाषा तिघांनाही येत होती.

मोटर तशीच पडून आहे.

बंद.

बहुतेक.