ठिगळाचा स्पीकर

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर बाळारामचं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या दुकानाची पायरी चढणाऱ्या एकाही माणसाला कान नाहीत असं त्याचं ठाम मत होतं. भोंगे भाड्याने मागणारे मंडपवाले, ट्रान्झिस्टर कानाला लावून कॉमेंट्री ऐकणारे मास्तर, भजनाला माइक हवा म्हणणारे बुवा, सगळे त्याच्या लेखी ठार बहिरे. कापडाच्या लूमवरचे कामगार तर खरोखरच बहिरे होत, आठ-दहा वर्षांत त्यांचे कान जायचे. त्यांच्याशी बोलायच्या भानगडीत तो पडतच नसे. व्हॉल्व्ह म्हातारा झाला की ॲम्प्लिफायरची गुणगुण किंचित जाड होते. हा फरक बाळारामला रस्त्यापलीकडून कळे, आणि आपल्याला तो कळला हे समोरच्याला सांगितल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

एकोणऐंशी सालच्या वैशाखात, एका शुक्रवारी, राहनाळचा नामा त्याच्याकडे आला. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. एरवी तो खडखडाट भिंतीतून येतो, फरशीतून येतो, म्हणून बाळाराम ऐकायची कामं शुक्रवारसाठी राखून ठेवी. नामा गावोगावी हळदीला वाजवणाऱ्या पार्टीचा मालक. त्याच्या बगलेत सुटकेसएवढी पेटी होती, बहारीनला असलेल्या मेहुण्याने पाठवलेली. सिंथेसायझर. पुढच्या रविवारी राहनाळला एका मोठ्या घरची हळद होती, आणि तिथे हे वाजवून आसपासच्या सगळ्या पार्ट्यांचं नाक कापायचं असा त्याचा बेत होता. त्याला ॲम्प्लिफायर कुठला लावायचा आणि स्पीकर कुठले, एवढंच तो विचारायला आला होता.

बाळारामने पट्ट्या दाबून पाहिल्या आणि त्याला हसू आलं. एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या दाबल्या तर एक मुकी. साध्या लाकडी पेटीवर दहा बोटं नाचतात आणि ह्या विलायती डबड्यावर एक, मग दारावरची घंटी काय वाईट, असं त्याने नामाला तोंडावर विचारलं. शिवाय ते चालणार एकशे दहा व्होल्टवर, म्हणजे मागे ट्रान्सफॉर्मरचं लोढणं. नामाचं म्हणणं साधं होतं. माडावर दोन भोंगे बांधायचे आणि आवाज वेशीपार गेला पाहिजे. बाळारामने त्याला अर्धा तास झाडलं. भोंगा पुकारा करायला असतो. खालचे सूर त्याच्या घशातून उतरतच नाहीत, वरचे तेवढे किंचाळत बाहेर पडतात. ह्याला कागदी कोनचा, शंकूसारख्या पडद्याचा मोठा स्पीकर हवा, लाकडी खोक्यात बसवलेला, खोक्यात लूमचा टाकाऊ कापूस कोंबलेला. नामा मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला की ते सगळं खरं, पण भोंगे किती बांधायचे? गाढवाला गुळाची चव काय, असं पुटपुटत बाळारामने यंत्र ठेवून घेतलं आणि त्याला आठ दिवसांनी यायला सांगितलं.

त्याची बायको तुळजा तेव्हा मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. दुकानामागेच त्यांचं घर. तुळजाने लूमच्या कारखान्यात सात वर्षं सूत गुंडाळून कांड्या भरल्या होत्या आणि एकोणसत्तरच्या फाल्गुनात तिचे दोन्ही कान गेले. समोरच्याच्या ओठांवरून ती सगळं समजून घ्यायची. म्हणून जे तिला कळू नये असं वाटे, ते बाळाराम ती पाठमोरी असताना बोलायचा. आणि तिची पाठ दिसली की त्याचं तोंड सुटायचं. धोंडी, ठोकळा, देवाने गळ्यात बांधलेली घंटा, तीही जीभ नसलेली. दहा वर्षं झाली, त्या पाठीला त्याने काय काय ऐकवलं नव्हतं!

पण खरं सांगायचं तर पहिली पाच वर्षं ह्याच माणसाने तिच्या कानापर्यंत एक आवाज पोचावा म्हणून जिवाचं रान केलं होतं. त्याने तिच्यासाठी ॲम्प्लिफायर बांधले, तिच्या कानांना हेडफोन जखडले, एकदा चाळीस वॅटचा भोंगा हातभर अंतरावर लावला तेव्हा नाक्यावरची माणसं धावत आली होती. तुळजाने शांतपणे विचारलं होतं, लावला का? तिने एकदा, एकदाच मान वळवावी, याहून दुसरं त्याला आयुष्यात काही नको होतं. ते झालं नाही. तेव्हापासून सगळी दुनियाच बहिरी ठरवून तो मोकळा झाला.

नामा गेल्यावर बाळाराम कामाला लागला. ह्या कामात त्याचा हात धरणारा ठाण्यापर्यंत कोणी नव्हता, हे मात्र खरं. सर्वांत खालच्या पट्टीत त्याने कांडीची लाकडी नळी पाचरीसारखी अडकवली, म्हणजे एकच खर्ज अखंड वाजत राहील आणि दोन्ही हात मोकळे. मग एकेक जोडी लावून पाहिली. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर तो खर्ज ओल्या भाकरीसारखा फुगायचा. ट्रान्झिस्टरवाल्यावर स्वच्छ यायचा, पण बटण थोडं पुढे सरकवलं की फाटायचा. आठ इंची स्पीकर थरथरायला लागला, बारा इंची बरा निघाला, पण त्याचं खोकं कुठेतरी बडबडत होतं.

शेवटी त्याने माळ्यावरून एक जुना दहा इंची स्पीकर काढला. जत्रेत फिरणाऱ्या कुठल्याशा टॉकीजच्या भंगारातून तो आला होता. कोन फाटलेला, आणि त्यावर कोऱ्या मलमलीचं ठिगळ डिंकाने चिकटवलेलं. बाळारामने तारा जोडल्या. आवाज आला नाही.

त्याने मीटर लावला. कॉइल शाबूत होती. तारा बदलल्या, ॲम्प्लिफायर बदलला, पाचर काढून वरचे सूर वाजवले. काही नाही. दुसरा स्पीकर लावला की त्याच तारांतून खणखणीत वाजे. मग त्याने ठिगळाच्या स्पीकरच्या कोनवर कापसाचे दोन बोळे ठेवले, आणि ते नाचायला लागले. कोन हलत होता. चांगला जोरात हलत होता. आणि बाळारामच्या त्या नावाजलेल्या कानांना गुणगुणसुद्धा ऐकू येत नव्हती. माणसाच्या कानाला न झेपणारे काही सूर असतात, त्यातलाच हा प्रकार, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि एक शिवी हासडली.

तेव्हा उंबऱ्यावर पाठमोऱ्या बसलेल्या तुळजाने मान वळवली.

तिने बाळारामकडे पाहिलंच नाही. तांदळाचं सूप बाजूला ठेवून ती उठली, स्पीकरपाशी आली आणि त्याच्यापुढे फरशीवर बसली.

"कोन बोलतंय?" तिने विचारलं.

बाळारामने आधी ॲम्प्लिफायर बंद केला. तिने लगेच वर पाहिलं आणि चालू करायला हाताने खुणावलं. चालू केल्यावर ती पुन्हा खाली वाकली. असं त्याने पाच वेळा करून पाहिलं, तिच्या डोळ्यांवर फडकं बांधून करून पाहिलं, आणि पाचही वेळा तिने बरोबर सांगितलं. मग तो मागच्या खोलीत गेला आणि भिंतीला डोकं टेकून रडला. दहा वर्षांनी तिला ऐकू आलं होतं. तेही त्याच्या हातच्या एकाही यंत्रातून नव्हे, तर दारावरच्या घंटीतून आणि भंगारातल्या ठिगळातून. ह्याचाही त्याला राग आला, रडता रडता.

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यासमोर बसून, ओठ नीट हलवून विचारलं की तिला काय ऐकू येतं.

"तुमचाच आवाज," ती म्हणाली. "तुमीच बोलताय."

काय बोलतो, असं त्याने विचारलं.

"एकोनसत्तरची होळी झाली. ह्या धोंडीबरोबर आता जल्म काढायचा, असं म्हनलाय." तिच्या आवाजात राग नव्हता. पोस्टमनने वाचून दाखवलेलं पत्र दुसऱ्याला सांगावं, तसं ती सांगत होती.

बाळाराम शास्त्र मानणारा माणूस होता. भुतंखेतं ही बहिऱ्यांची करमणूक, असं तो म्हणत असे. त्याने तारा कापल्या. यंत्र बाजूला उचलून ठेवलं. आदल्या दिवशी बंद करताच थांबणारा स्पीकर आता कशालाही न जोडलेला फरशीवर पडला होता, आणि तुळजा त्याच्यापुढे मांडी घालून ऐकत होती. कापसाचे बोळे अजून नाचत होते.

चौथ्या दिवशी त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला. एक भोक पाडलं की संपलं. पण तेवढ्यात तुळजाला हसू फुटलं, ती तोंडावर पदर घेऊन हसली. बाहत्तरातलं हाय, असं ती म्हणाली. बाहत्तर साली आपण तिच्या पाठीमागे काहीतरी चांगलंही बोललो होतो, आणि आपल्याला ते आठवतसुद्धा नाही, हे बाळारामला तेव्हा कळलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

गुरुवारी नामा आला आणि बारा इंची जोडी, ट्रान्झिस्टरवाला ॲम्प्लिफायर आणि आपलं यंत्र घेऊन गेला. वर आणखी दोन भोंगेही घेतलेच. बाळाराम त्याला एक अक्षर बोलला नाही. नामाला त्याची तब्येत बरी नसावी असं वाटलं.

तुळजा रोज दुपारी जेवण आटोपून स्पीकरपुढे बसायची. त्र्याहत्तर झालं. चौऱ्याहत्तर झालं. बाळाराम तारखा विचारून घ्यायचा आणि मनात दिवस मोजायचा, कारण पंच्याहत्तरच्या गौरीविसर्जनाला आपण काय बोललो होतो ते त्याला नीट ठाऊक होतं.

तिचे कान पुरते जाण्याच्या दीड वर्ष आधी तो तिला ठाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. ती बाहेर बाकावर बसली होती. हिला आजच्या आज कारखान्यातून काढा, डॉक्टर म्हणाला होता, कान अजून वाचतील. बाळारामने बाहेर येऊन तिला सांगितलं, मळ साचलाय, थेंब दिलेत. दुकान नुकतं कुठे उभं राहत होतं आणि तिची मजुरी हवी होती. पुढे आठ वर्षांनी, गौरी बोळवून आल्यावर, तिच्या पाठीमागे उभं राहून त्याने हे सगळं मोठ्याने बोलून टाकलं होतं. बोलून त्याला फार हलकं वाटलं आणि तो दोन भाकऱ्या जास्त जेवला. आपल्यासारख्या माणसाचा पश्चात्ताप एवढाच असतो, हे त्याला आत्ता आत्ता समजायला लागलं होतं.

बुधवारी दुपारी ती स्पीकरपासून मध्येच उठली. लूमचा खडखडाट चालू होता. ती त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"त्या डाक्टरचं नाव काय व्हतं?"

बाळारामला आठवेना. खरोखरच आठवेना. त्याने मान हलवली. तुळजाने त्याचे ओठ हलतात का ते पाहिलं, मग आत जाऊन पीठ मळायला घेतलं. त्या रात्री तिने त्याला रोजच्यासारखं वाढलं.

तो तिच्यासमोर बोलेनासा झाला. पाठीमागेही बोलेनासा झाला. पुढचा आठवडाभर त्याने घरात तोंड उघडलं नाही, आणि ती मात्र रोज ऐकत राहिली.

मग शुक्रवार आला. सगळं गाव गप्प होतं. तुळजा स्पीकरपुढे बसली होती.

बाळाराम तिच्यासमोर जाऊन बसला. ओठ नीट हलवून त्याने विचारलं, "आजचा दिवस आला का?"

"परवाच आला. गेला पन."

"मग आता काय ऐकतेस?"

"फुडचं."

"पुढे मी काय बोलतो?"

"बोलत न्हाय काय. निसत्या हाका मारताय. माज्या नावानं. लय हाका मारताय."

"आणि तू?"

"मी हाय की घरात. मना ऐकू येतंय सगलं." तिने पदराने कोनवरची धूळ हलकेच टिपली. "वो देत न्हाय मी."

ती उठली, सूप घेऊन उंबऱ्यावर गेली आणि त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसली. स्पीकर दोघांच्या मधोमध होता.

हाक नाही मारायची, असं बाळारामने ठरवलं होतं. काही झालं तरी नाही मारायची.

"तुळजा," तो म्हणाला.

तिने मान वळवली नाही. तिचे हात तांदळात चालूच होते.

"ही पयली," ती म्हणाली.