लाल दिव्याच्या आधी

इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून चिमीने आपलं संकट स्वतःच्या हाताने तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहून नेलं.

संकट खाली जिन्याशी उभं होतं. उंच, निळ्या शर्टातलं, पावसाच्या भुरभुरीने केस जरासे ओले झालेलं. पायाशी ही भली मोठी काळी पेटी.

"जरा हात लावता का? फार जड आहे हो."

"कुठे न्यायचीय?" चिमीने विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर. तिथे एक व्हिडिओ स्टुडिओ आहे ना? त्यांचा नवीन कॅमेरा घेऊन आलेय. डेमो पण द्यायचाय."

"अय्या, म्हणजे आमच्याकडेच!" चिमीला इतका आनंद झाला की शेवटच्या जिन्यावर तिने ती पेटी एकटीनेच उचलली. नवा कॅमेरा! गेलं वर्षभर ती मामाच्या मागे लागली होती. जुन्याचं चित्र आताशा धुक्यातून काढल्यासारखं यायचं, आणि त्याच्या झूमचं बटण फक्त चिमीच्याच बोटाला दाद द्यायचं.

स्टुडिओ मामाचा. कारखान्यांच्या, शाळांच्या, दुकानांच्या छोट्या छोट्या फिल्म तो करून द्यायचा. कॅमेरा चिमी चालवायची. तिने टिपून आणलेलं कापायचं, जोडायचं, त्याला आकार द्यायचा, हे काम मुनीचं. मुनी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कानावर हेडफोन चढवून तो दिवसभर खिडकीपाशी बसायचा आणि अगदीच गरज पडली तर बोलायचा, म्हणून मामाने ते ठेवलेलं. "कसं झालंय रे?" असं चिमीने विचारलं की तो म्हणायचा, "बरं." दोन वर्षांत त्या एका 'बरं'चे सगळे प्रकार चिमीला पाठ झाले होते. एक कंटाळलेलं बरं, एक भुकेलेलं बरं, आणि एक असं, की ते म्हणताना तो मान वळवून तिच्याकडे बघायचा. त्या तिसऱ्या 'बरं'साठी ती भर उन्हात टाकीवर चढून शूट करायला तयार असायची.

चिमीचं त्याच्यावर प्रेम होतं. हे तिला ठाऊक होतं, मामीला ठाऊक होतं, खालच्या चहावाल्यालाही संशय होता. फक्त मुनीला कोणी सांगितलं नव्हतं.

तर दोघी दारातून आत आल्या. मुनीने वर पाहिलं... आणि हेडफोन काढले. आपणहून!

"अरे! शिट्टी, तू?" डेमोवाली ओरडली.

"तू? इथे?" मुनी चक्क उठून उभा राहिला. दात दिसतील इतका हसला.

"कॉलेजात एका वर्गात होतो आम्ही," डेमोवालीने कौतुकाने चिमीला सांगितलं. "सतत शिट्टी वाजवायचा हा. लेक्चरमध्येसुद्धा! अजून वाजवतो का हो?"

चिमीने दोन वर्षांत त्याची शिट्टी ऐकली नव्हती. याला शिट्टी येते हेच तिला नवीन होतं. दुसऱ्या कोणाकडे एक वेगळाच मुनी आहे, हसणारा, शिट्टी वाजवणारा, आणि आपल्याला इतके दिवस त्याची उष्टी बरं-बरं वेचायला लागली, हा विचार दिवसभर तिच्या डोक्यातून गेला नाही.

डेमो सुरू झाला. तो खरं तर चिमीसाठी होता. पण डेमोवालीने कॅमेऱ्याची तिपाई उघडली ती स्वतःच्या उंचीची, त्यामुळे चिमीला कॅमेऱ्यात बघायला टाचा उंचवाव्या लागल्या.

"हे बघा, आधी तिपाई सरळ बसावी म्हणून हा बुडबुडा मधोमध आणायचा—"

"माहीत आहे."

"मग पांढऱ्या कागदावर रंग ठरवून घ्यायचा. शिट्टी, जरा धर ना कागद तोंडासमोर."

मुनीने कागद धरला. वरून नुसते डोळे दिसत होते, आणि ते हसत होते. आजवर जुन्या कॅमेऱ्यासमोर कागद धरायला चिमी मामाला बोलवायची, कारण मुनीला उठवायचा तिला धीर व्हायचा नाही. हिने दोन मिनिटांत उठवलं! चिमीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी जरा पडदे नीट करून येते," ती म्हणाली. मग चहा सांगून येते म्हणाली. मग गच्चीत छत्री राहिली म्हणाली. छत्री तिच्या हातातच होती.

"अगं, बस ना," मुनी म्हणाला. "मेन्यूत बरंच काय काय आहे. कामाचं आहे."

"तुमच्या जुन्या गप्पांत माझं काय काम? बटण दाबलं की लाल दिवा लागतो. अजून काय शिकायचं असतं कॅमेऱ्यात?"

मुनीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तो परत मेन्यूकडे वळला. पडद्याआडून चिमीला तुकडे ऐकू येत राहिले. 'हे चालू ठेव', 'हे फार उपयोगी पडतं', आणि मधूनमधून हसणं. मेन्यूत हसण्यासारखं काय असतं, ते देवालाच माहीत.

डेमोवाली गेल्यावर मुनीने तिपाईचे पाय एकेक करून खाली केले, चिमीच्या डोळ्यांच्या उंचीला आणले, आणि परत जागेवर जाऊन बसला. एरवी चिमी त्या एवढ्याशा गोष्टीवर आठवडाभर तरंगली असती. पण त्या दिवशी तिला त्यातही खोट दिसली. तिच्यासाठी काही खाली करावं लागत नाही, माझ्यासाठीच तेवढं करावं लागतं!

दुसऱ्या दिवशी मामाने बॉम्ब टाकला.

"त्या डेमोवाल्या मुलीने मुनीला नोकरीसाठी विचारलंय, तिच्या कंपनीत. दुसऱ्या शहरात जावं लागेल. सोमवारपर्यंत कळव म्हणालीय. मला विचारत होता, काय करू म्हणून." मामाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं गं?"

चिमीच्या घशाशी काय काय आलं. त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. बाहेर पडलं ते भलतंच.

"जाऊ दे की. मला काय त्याचं?"

"असं?" मामा म्हणाला. "बरं, सांगतो तसं त्याला."

आणि तो खरंच सांगायला गेला. सरळ माणसांचा हाच तर त्रास असतो.

शनिवारी चिमी नवा कॅमेरा घेऊन खुर्च्यांच्या कारखान्यात गेली. कारखाना कसला, एक लांबलचक शेड. वर काचेचं छत, खाली भुश्शाचा गोड वास, आणि खुर्चीवाले काका. आयुष्यभर खुर्च्या करून ते आता थांबणार होते, आणि त्यांच्या मुलांना त्यांचं काम फिल्ममध्ये हवं होतं. करवत, रंधा, खुर्चीचा पाय, पाठ, पॉलिश, असे छोटे छोटे खूप शॉट घ्यायचे होते.

चिमीला कामात कोणी नावं ठेवू शकलं नसतं. तिने तिपाई रोवली, बुडबुडा मधोमध आणला, काकांच्या हातात पांढरा कागद दिला. छतातून येणाऱ्या उन्हाने चित्रावर तिरक्या रेघांचे पट्टे उमटले, म्हणजे तिथे उजेड जास्त होतोय, तर तिने लेन्सचं तोंड जरासं आवळलं, पट्टे गेले. रंध्यातून निघणारी लाकडाची साल इतकी स्वच्छ दिसायला लागली की हात लावावासा वाटला. चित्राच्या कोपऱ्यात एक हिरवी खूण लुकलुकत होती. ही कसली ब्याद, असं तिला वाटलं. पण विचारणार कोणाला? शिकवणारीला?

शॉट घ्यायच्या आधी कॅमेऱ्याशी पुटपुटायची चिमीला जुनी सवय होती. बोललं की हात स्थिर व्हायचा. लाल दिवा लागला, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं, की तोंडाला कुलूप. मामाची शिकवणच तशी होती.

"ये बाबा, नीट दिस," ती करवतीवर कॅमेरा रोखत पुटपुटली. "दिसायला काय, तीपण दिसते. पाच फूट आठ इंच दिसते." बटण. लाल दिवा. शांतता.

"शिट्टी म्हणे! दोन वर्षं बसलेय शेजारी, एकदा तरी वाजवायची होतीस." बटण. रंधा.

"कागद धरताना डोळे हसत होते मेल्याचे." बटण. खुर्चीचा पाय.

"नोकरी देतेय... माझ्याकडे नोकरी असती तर मी नसती दिली?" बटण. पाठ.

"काही बोललात का?" काकांनी विचारलं.

"नाही काका, फोकस बघतेय."

शेवटचा शॉट राहिला. काका तयार झालेल्या खुर्चीवर बसणार आणि खुर्चीच्या हातांवरून हळूच बोटं फिरवणार. काका बसले. चिमीने कॅमेऱ्याला डोळा लावला.

"जाऊ नकोस ना रे मुनी," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "मी 'जाऊ दे' म्हणाले ते खोटं होतं. तू त्या खिडकीत नसलास तर मी कुणासाठी शूट करू?"

बटण. लाल दिवा. हात जराही हलला नाही.

सोमवारी ती मुद्दाम उशिरा आली. त्याचं उत्तर तिला पहिल्यांदा ऐकायचं नव्हतं. पण दारातूनच तिला मुनीची पाठ दिसली. हेडफोन कानाला, आणि खांदे गदागदा हलत होते. हसत होता! एकटाच! म्हणजे फोनवर. म्हणजे तीच. चिमीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ती सरळ जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"झालं का बोलून?"

त्याने एक कान मोकळा केला. "कोणाशी?"

"मला काय माहीत कोणाशी! ज्याच्याशी माणूस एवढं हसतो त्याच्याशी. माझ्याशी तर नक्कीच नाही."

"तुझ्याशीच," मुनी म्हणाला, आणि हेडफोन काढून त्याने अलगद तिच्या कानांवर ठेवले.

पडद्यावर करवत होती. आणि कानात, स्वच्छ, ठणठणीत, तिचाच आवाज: 'दिसायला काय, तीपण दिसते. पाच फूट आठ इंच दिसते.'

चिमीने पडद्याकडे बोट दाखवलं. "हे... हे कसं? मी बटण दाबायच्या आधी बोलले होते!"

"चित्राच्या कोपऱ्यात हिरवी खूण लुकलुकत होती ना? हा कॅमेरा बटण दाबायच्या आधीचे काही सेकंदही धरून ठेवतो. म्हणजे कोणी अचानक काही केलं तर निसटत नाही. ती तेच शिकवत होती..." त्याने ओठ आवळले, पण हसू फुटलंच. "तू छत्री आणायला गेली होतीस तेव्हा."

"सगळे? सगळ्या शॉटच्या आधी?"

"सगळ्या."

"शेवटच्या?"

आता मुनी हसत नव्हता. "शेवटचा मी चारदा ऐकला."

चिमीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. "पूस ते. आत्ताच्या आत्ता पूस."

"फिल्ममधून उडवलंय. काकांच्या मुलांना नाही ऐकू येणार." तो थांबला. इतकं बोलायची त्याला सवय नव्हती. "चिमी, मामांनी मला सांगितलं, चिमी म्हणाली जाऊ दे. मी म्हटलं, ठीक आहे. आज दुपारी मी हो म्हणून कळवणार होतो. मला तिच्यासारखं डेमो देत दिवसभर दुकानांत उभं राहून बोलायचं काम नको आहे गं. पण इथे राहून तुला... म्हणजे तुला काहीच नसताना... रोज तुझे शॉट बघत बसायचं, तेही मला जमणार नव्हतं."

खिडकीवर पाऊस वाजत होता. चिमी नखाने टेबलाचा कोपरा खरवडत होती.

"तू कॅमेऱ्याला सगळं सांगितलंस," तो म्हणाला. "मला सांगशील?"

केवढं सोपं होतं! अन् केवढं अवघड... डोळ्यासमोर लेन्स नाही, हातात बटण नाही. नुसता तो, हातभर अंतरावर, तिच्याकडे बघणारा.

"ती फार उंच आहे," चिमी म्हणाली.

"हं."

"आणि तिला तुझी शिट्टी माहीत आहे."

"हं."

"मला नाही माहीत. मला राग येतो. तू तिच्याशी हसलास की येतो, तिच्याशी नाही हसलास तरी येतो, हसावंसं वाटलं असेल म्हणून." तिने मान वर केली. डोळे भरून आले होते, पण तिने ते खाली केले नाहीत. "जाऊ नकोस. मला तू हवा आहेस. आता अजून मोठ्याने नाही जमणार मला."

"आणखी मोठ्याने कशाला?" आतल्या खोलीतून मामाचा आवाज आला. "मला इथवर आलं की ऐकू."

दोघंही दचकली, आणि मग दोघंही हसत सुटली. मुनीने तिचा हात धरला. हातावर अजून कारखान्यातल्या पॉलिशचा डाग होता. त्यावरून त्याने अंगठा फिरवला. मग दुसऱ्या हाताने फोन उचलला आणि तिच्या देखतच नंबर लावला.

"हॅलो... हो, मीच. नोकरीचं कळवायचं होतं. नाही येत मी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मुनीने एक मोठा श्वास घेतला, आणि दिवसाला चार शब्द बोलणारा तो माणूस बोलायला लागला. "नाही गं, पगार चांगला आहे. पण इथे एक मुलगी आहे. तुझी पेटी जिन्यावरून घेऊन आली होती ना, तीच. माझं तिच्यावर प्रेम आहे. दोन वर्षं झाली. मला वाटायचं तिला नाही, म्हणून गप्प होतो. आत्ता ती म्हणाली, जाऊ नकोस. म्हणून नाही जात."

चिमी त्याच्या हातात हात देऊन उभी होती. ज्या बाईच्या नावाने तिने आठवडाभर बोटं मोडली, त्याच बाईला तो हे सांगत होता, अडखळत, कानांच्या पाळ्या लाल करून, पण एकही शब्द न गिळता.

पलीकडून डेमोवाली बराच वेळ काहीतरी बोलत राहिली आणि मुनी ऐकत राहिला, गालातल्या गालात हसत. ती काय म्हणतेय ते चिमीला ऐकू येत नव्हतं, आणि आठवड्यात पहिल्यांदाच तिला ते विचारावंसंही वाटलं नाही.

निदान फोन ठेवेपर्यंत तरी नाही.